समरी कोर्ट मार्शल ठेवावे की मोडीत काढावे?

नीरक्षीर
कोर्ट मार्शल म्हटले की बहुतेकांना ओळीने बसलेले गणवेशातील अधिकारी आठवतात. १९५० च्या लष्कर कायद्यात मात्र त्याचे चार प्रकार आहेत : जनरल, डिस्ट्रिक्ट, समरी जनरल आणि समरी. जनरलमध्ये किमान पाच अधिकारी बसतात आणि फाशी द्यायची तर दोन तृतीयांश सदस्यांची संमती लागते. डिस्ट्रिक्टमध्ये किमान तीन अधिकारी असतात. समरीत मात्र पलटणीचा कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायालय असतो. आणखी दोन अधिकारी किंवा जेसीओ (सुभेदारांसारखे कनिष्ठ कमिशन्ड अधिकारी) कामकाजाला हजर असतात, पण त्यांना शपथ नसते आणि निकालात मतही नसते. कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल किंवा त्यावरच्या हुद्द्याचा असेल तर तो एक वर्षापर्यंत कैद देऊ शकतो, शिवाय बडतर्फीही. आणि या शिक्षेला वरिष्ठांच्या पूर्वमंजुरीची गरज नसते. आरोपीला सोबत वकील आणता येतो, पण त्या वकिलाला साक्षीदाराची उलटतपासणी घेता येत नाही की न्यायालयापुढे बोलता येत नाही. अधिकारी आणि जेसीओ यांच्यावर असा खटला चालूच शकत नाही. तो फक्त जवान आणि हवालदारापर्यंतच्या लोकांसाठी आहे. १९११ च्या ब्रिटिश अमलातील कायद्यातून जशीच्या तशी आलेली ही व्यवस्था रद्द व्हावी, असे माझे मत आहे.

पलटणकर
पूर्णपणे असहमत. पलटण म्हणजे जिल्हा कचेरी नव्हे. बर्फातल्या चौकीवर एखाद्याने वरिष्ठावर हात उगारला, तर तीन अधिकारी गोळा होईपर्यंत महिने जातात आणि तोवर तोच माणूस त्याच बराकीत, त्याच सोबत्यांसमोर वावरत असतो. शिवाय कायद्याने कमांडिंग ऑफिसरला मोकळे रान दिलेले नाही. काही गंभीर गुन्हे, तसेच खुद्द त्याच्याविरुद्ध घडलेला गुन्हा, यांचा खटला तातडीचे सबळ कारण नसताना वर विचारल्याशिवाय त्याला चालवता येत नाही. कामकाजाचे कागद ब्रिगेड किंवा डिव्हिजनच्या कमांडरकडे जातात आणि तो शिक्षा कमी किंवा रद्दही करू शकतो. समरी काढून टाकले तर कमांडिंग ऑफिसरच्या हाती अठ्ठावीस दिवसांची कैद तेवढी उरेल आणि त्यापुढच्या प्रत्येक गुन्ह्यासाठी डिस्ट्रिक्ट कोर्ट मार्शल भरवावे लागेल. हे रद्द करा म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी पलटण सांभाळली आहे?

नीरक्षीर
तातडीचे कारण आहे की नाही हे ठरवणार कोण? तोच कमांडिंग ऑफिसर. १९८७ चा रणजित ठाकूर खटला पाहा. या सिग्नलमनने, म्हणजे संदेशवहन विभागातल्या जवानाने, आपल्या अधिकाऱ्याविरुद्धची तक्रार परस्पर वरिष्ठांकडे पाठवली, म्हणून त्याला अठ्ठावीस दिवसांची कैद झाली. ती भोगत असताना जेवण घेण्याचा हुकूम त्याने मानला नाही. दुसऱ्याच दिवशी समरी कोर्ट मार्शल भरले, एक वर्ष सक्तमजुरी आणि बडतर्फी झाली, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार होती तो अधिकारीच त्या न्यायासनावर होता. सर्वोच्च न्यायालयाने पक्षपाताचा संभव आणि गुन्ह्याच्या मानाने अवाजवी शिक्षा या मुद्द्यांवर सारे रद्दबातल ठरवून त्याला नोकरीत परत घ्यायला लावले. कागद वर जातात ही तरतूद तेव्हाही होती.

सागरगोटा
एक साधा प्रश्न. हवाई दलाच्या १९५० च्या कायद्यात जनरल, डिस्ट्रिक्ट आणि समरी जनरल आहेत, समरी नाही. नौदलाच्या १९५७ च्या कायद्यातही हा प्रकार नाही. मग त्या दोन दलांची शिस्त ढासळली आहे काय?

पलटणकर
नौदलाचे उदाहरण अर्धेच दिलेत. जहाजाच्या कमांडिंग ऑफिसरला संक्षिप्त चौकशीत तीन महिन्यांपर्यंत कैद देता येते. नाव वेगळे आहे, गरज तीच आहे. आणि हवाई दलाचे तळ बव्हंशी कायम वस्तीचे असतात. तिथे तीन अधिकारी जमवणे हे काही डोंगर चढण्याचे काम नाही.

कलमकसाई
दोघांच्याही नजरेतून निसटलेली गोष्ट सांगतो. १९८२ मध्ये पृथीपाल सिंग बेदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लष्करी खटल्यांविरुद्ध एकही अपील नाही याबद्दल खंत व्यक्त केली होती. त्यानंतर पाव शतकाने, २००७ मध्ये, सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा आला. त्याचे एक खंडपीठ मुंबईतही आहे. पण त्याच कायद्याच्या व्याख्येत समरी कोर्ट मार्शलला वगळले आहे. अपवाद फक्त बडतर्फीचा किंवा तीन महिन्यांहून अधिक कैदेचा. म्हणजे अडीच महिने कैद भोगलेल्या जवानाला न्यायाधिकरणाचे दार बंद. त्याने उच्च न्यायालयात रिट दाखल करावी, असे सांगायला सोपे आहे; दूरच्या सरहद्दीवरील शिपायाला ते किती परवडते, याचा हिशेब कोणी मांडत नाही. कनिष्ठ हुद्द्यांसाठी सर्वांत तोकडी चौकशी आणि सर्वांत तोकडे अपील हे एकाच कायदेमंडळाने ठरवले आहे, याचे मला जास्त वैषम्य वाटते.

पलटणकर
अपिलाची मर्यादा काढून टाकण्यास माझा विरोध नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलेच आहे की समरीचा अधिकार अपवाद म्हणून, तातडीची गरज असेल तरच आणि कारणे देऊन वापरावा. तेवढे काटेकोर पाळले तर व्यवस्था मोडण्याची गरज नाही.

नीरक्षीर
मग ते कायद्याच्या कलमातच लिहा : शांततेच्या ठाण्यांवर समरी कोर्ट मार्शल भरवता येणार नाही. पुण्याच्या किंवा देवळालीच्या छावणीत तीन अधिकारी मिळत नाहीत, असे तुम्हीसुद्धा म्हणणार नाही.