समर कोर्स घेऊन पुढच्या सेमिस्टरचा लोड कमी करावा का?

पुढच्या सेमिस्टरला ५ विषय आहेत, त्यातले दोन लॅबवाले, म्हणून विचार करतोय की एक-दोन विषय उन्हाळ्यातच उरकून टाकावेत. कोणी केलंय का असं? स्टॅट्स आणि ऑरगॅनिक केमिस्ट्री डोक्यात आहेत.

— ऑरगॅनिक उन्हाळ्यात?? नको रे बाबा. १५ आठवड्यांचा सिलॅबस ६ ते ८ आठवड्यांत कोंबतात, म्हणजे एक आठवडा आजारी पडलास की इकडे दोन आठवड्यांचं बुडालं समज, आणि रिअॅक्शन्स डोक्यात मुरायला वेळ लागतोच, तो कुठून आणणार. स्टॅट्स घे, किंवा एखादा लिहायचा-वाचायचा जनरल विषय. मी एका वेळी एकच घेतला होता, बरोबर पार्टटाइम कामही जमलं.

— दुसऱ्या कॉलेजातून करणार असशील तर आधी तुझ्या डिपार्टमेंटकडून लेखी मान्यता घे. मी तोंडी 'चालेल'वर गेले आणि नंतर क्रेडिट (विषय पूर्ण केल्याचे पॉइंट) नुसतं इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक विषय म्हणून धरलं, मेन विषय परत करावा लागला. शिवाय बऱ्याच ठिकाणी क्रेडिट ट्रान्सफर होतं पण ग्रेड तुमच्या जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) येत नाही, हेही विचारून घे.

— अजून एक, स्कॉलरशिप असेल तर लोड कमी करताना फुलटाइम विद्यार्थी राहण्यासाठी लागणाऱ्या किमान क्रेडिटच्या खाली जाऊ नकोस. समरची फी पण बहुतेक वेळा वेगळी भरावी लागते.

— थँक्स सगळ्यांना, स्टॅट्सच घेतो मग. मान्यतेचा मेल आत्ताच टाकला.