शी हूला पूर्ण दिवस द्याच

शांघायहून हांगचौला जाऊन शी हू, म्हणजे पश्चिम सरोवर, बॅटरीच्या गाडीतून दोन तासांत उरकता येईल का, असं कुणीतरी विचारलंय. येईल, पण कृपया तसं करू नका!

वेगवान रेल्वेने तासाभरात पोचता, म्हणजे वेळ हाताशी असतो. सकाळी सू बांधावरून पायी निघा. जेमतेम २.८ किलोमीटर, वाटेत सहा कमानी पूल, दोन्ही बाजूंना पाण्यावर झुकलेली विलोची झाडं. अकराव्या शतकात कवी सू तुंगपो इथे अधिकारी होता, तेव्हा सरोवरातला गाळ उपसून त्याच गाळाचा हा बांध घातला. गाळाचं काय करायचं आणि लोकांनी पलीकडे कसं जायचं, दोन्ही प्रश्न एकदमच सुटले. मला हे फार आवडतं.

काठावर एक आजोबा लांब दांड्याचा ब्रश पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं काढत होते. ओळ पूर्ण होईपर्यंत पहिलं अक्षर वाळून गेलेलं असायचं. मी अर्धा तास तिथेच उभी होते.

मग होडीने बेटावर जा. जवळच पाण्यात तीन दगडी दीपस्तंभ दिसतील. खिशातली एक युआनची नोट काढून मागची बाजू बघा, तेच चित्र आहे. लेइफंग पॅगोडा संध्याकाळसाठी ठेवा. जुना १९२४ मध्ये कोसळला, आताचा २००२ चा, तरी वरून दिसणारं पाणी बघाच. आणि लोंगजिंग चहा तिथेच प्या, बिनदुधाचा.