मदत हवी आहे: यूए १३+ मारधाड-कॉमेडी, मुलं ११ आणि ६ वर्षांची

नमस्कार मंडळी. रविवारी घरातून सिनेमाला जायचं ठरलंय आणि तिकिटं काढायचं माझ्याकडे आलंय. सिनेमा या शुक्रवारी लागला तोच, हिंदी. (नाव लिहीत नाही, चाहते भांडायला येतात.) माझी लेक ११ वर्षांची, नणंदेचा मुलगा ६ वर्षांचा, सुट्टीत पुण्याहून इंदुरात आलाय. शिवाय नवरा आणि सासूबाई.

नियम ठाऊक आहे. २०२४ च्या सेन्सॉर प्रमाणपत्राच्या नियमांत यूएचे ७+, १३+ आणि १६+ असे वयानुसार तीन भाग झाले, आणि तो पालकांना सल्ला आहे. दारावर अडवतात ते फक्त 'ए' (प्रौढांसाठीचा) असेल तर. म्हणजे निर्णय माझ्याच गळ्यात. पण १३+ नेमकं कशासाठी दिलंय? रक्त, शिव्या, की बायकांवरचे पाचकळ विनोद?

ट्रेलरमध्ये माणसं हातगाड्यांवर आपटतात आणि झटकून उठतात. त्याची मला तितकी धास्ती नाही. दिवाळीत घरी असाच एक जुना सिनेमा लावला होता. गुंडांची धुलाई चालली होती तेव्हा भाचेबुवा खदखदून हसत होते. (दुसऱ्या दिवशी सोफ्यावरून उडी मारून मामाच्या पाठीत लाथ घातली, तो भाग वेगळा.) पण नायकाच्या लहान मुलाला गाडीत कोंबून नेलं, तिथे जो रडायला लागला तो आईशी बोलेपर्यंत थांबला नाही. रक्ताचा एक थेंब नव्हता त्यात.

दुसरं भाषेचं. घरात आम्ही मराठी बोलतो, पण लेक शाळेत आणि गल्लीत हिंदीतच वाढलीय. द्व्यर्थी विनोद भाच्याच्या डोक्यावरून जातील. हिला अर्धे कळतील आणि उरलेल्यांचा अर्थ ती आजीला विचारेल, तोही मोठ्यांदा.

पाहिला असेल त्यांनी सांगा: मूल पळवणं, कोंडून ठेवणं असलं काही आहे का? मध्यंतराआधी की नंतर? गोष्ट फुटली तरी चालेल.

प्रतिसाद १
ताई, काल ग्वाल्हेरला पाहिला. मूल पळवत नाहीत, पण मध्यंतरानंतर नायिकेच्या वडिलांना गोदामात खुर्चीला बांधून मारतात. तिथे विनोद पार थांबतो. माझा आठ वर्षांचा मुलगा मांडीवर येऊन बसला. द्व्यर्थी बोलणं एका हवालदाराच्या तोंडी आहे, पण जेव्हा येतो तेव्हा तेच. आवाजही कानठळ्या बसवणारा.

प्रतिसाद २
धाकट्यासाठी ओटीटीची वाट बघा. १३+ आणि त्यावरच्या सिनेमांना तिथे पालकांसाठी लॉक द्यावंच लागतं, २०२१ च्या आयटी नियमांत आहे. शिवाय गोदाम आलं की पुढे ढकलता येतं. थिएटरात काय, डोळे झाकले तरी कान उघडेच.

मूळ प्रश्नकर्ती
दोघांचे आभार. गोदामाचं कळलं ते फार बरं झालं. लेक, नवरा आणि सासूबाई जातील. मी भाच्याला घेऊन छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत. खोपरा पॅटिस दिसलं की तो सिनेमा विसरेल. सासूबाईंना त्या हवालदाराबद्दल आधी सांगून ठेवावं की नको, तेवढं अजून ठरत नाहीये.