लाँग आयलंड: ऑगस्टअखेर धक्क्यावरून स्नॅपर ब्लू. आमिष कुरतडलं जातंय, मासा लागत नाही

ओहोटीकाठ:
ठिकाण: उत्तर किनाऱ्यावरच्या एका बंदरातला सार्वजनिक धक्का. वेळ ऑगस्टचा शेवटचा आठवडा, सोबत ८ आणि ११ वर्षांची मुलं. स्नॅपर, म्हणजे ब्लूफिशची यंदाचीच पिल्लं, धक्क्याखाली चक्क डोळ्यांना दिसतात. गळाला मात्र लागत नाहीत.

सध्याचं सामान: ७ फुटी मध्यम काठी, ३००० आकाराचं रीळ, १२ पौंडी तंगूस, लाल-पांढरा गोल बोया. बोयाखाली साधारण ५ फुटांवर २ नंबरचा आखूड दांड्याचा गळ, त्यावर अख्खी गोठवलेली स्पिअरिंग (आमिषाची बारीक चंदेरी मासळी), ओठातून ओवलेली. बोया बुडतो, झटका दिला की गळावर फक्त डोकं. बदलायचं काय, गळ, आमिष की वेळ? दातांसाठी तार लावावी का? आणि सध्या किती मासे घरी नेता येतात?

गळ_आणि_गाठ:
डोकंच उरतंय यात अर्धं उत्तर आलं. स्नॅपर आमिष सरळ गिळत नाही. मागून येतो, शेपटीकडचा भाग तोडून नेतो आणि उरलेल्यासाठी पुन्हा वळतो. तुमच्या गळाचं टोक आहे ओठात, चावा पडतोय शेपटीवर.

उरलेला तुकडा हातात घेऊन बघा. कात्रीने कापल्यासारखी स्वच्छ कड असेल तर स्नॅपर. पोट टोकरून टोकरून चोथा केला असेल तर पफर किंवा बारकी पोर्गी. नुसता चेंदामेंदा असेल तर खेकडा, म्हणजे गळ तळाच्या फार जवळ गेलाय.

गळ ६ किंवा ८ नंबरचा, लांब दांड्याचा घ्या. टोक मागे शेपटीकडे पोचतं, दात तंगुसाऐवजी दांड्यावर घासतात आणि गळ काढताना पक्कड धरायला जागा मिळते. स्पिअरिंग २ ते ३ इंचांचीच निवडा. टोक तोंडातून आत, कल्ल्यातून बाहेर, दांडा पूर्ण ओढून घ्या. मग गळ अर्धा फिरवून टोक गुदद्वाराच्या किंचित पुढे अंगात घालून पलीकडे काढा. आमिष दांड्यावर सरळ बसलं पाहिजे. वाकडं बसलं की ओढताना गरगर फिरतं, तंगुसाला पीळ पडतो आणि मासा नुसता मागे मागे येऊन परत जातो. पाकिटात सगळ्या मोठ्याच निघाल्या तर डोकं कापून टाका. दीड इंचाचा शेपटीकडचा तुकडा भरपूर झाला.

गोठवलेली स्पिअरिंग उन्हात दहा मिनिटांत लिबलिबीत होते आणि पोट फुटतं. आदल्या रात्री जाड्या मिठात थर लावून ठेवली तर मांस आवळतं, गळावर टिकते. एका वेळी चार-पाचच बाहेर काढा, बाकी बर्फावर. वितळलेली पुन्हा गोठवू नका.

आता बोया. ५ फूट फार खोल. हे मासे वरच्या थरात शिकार करतात. दीड ते अडीच फूट ठेवा. गोल बोया बुडताना पाण्याला अडतो, तो ओढ जाणवली की मासा सोडून देतो. लांब, बारीक बोया घ्या आणि गळाच्या ८-१० इंच वर शिशाचा एक छर्रा दाबा, म्हणजे बोयाचा जेमतेम इंचभर भाग पाण्यावर राहील. १२ पौंडी तंगूसही या कामाला जाड आहे, ६ ते ८ पौंडी पुरे. शेवटचा फूटभर मात्र १५-२० पौंडी जोडा, मध्ये बारीक स्विव्हल, म्हणजे फिरती कडी. तार नको. तारेने आमिष ताठ होतं, लहान माशाला संशय येतो. तारेऐवजी दर माशानंतर शेवटचे तीन-चार इंच नखाने चाचपा. खरखरीत लागलं की तेवढं कापून गाठ नव्याने मारा.

झटका बंद. बोयाची पहिली डुबकी म्हणजे शेपटीवरचा चावा. बोया बुडून बाजूला सरकायला लागला की ढिला तंगूस गुंडाळायचा आणि काठी नुसती वर उचलायची. मुलांना ‘एक, दोन, उचल’ एवढंच शिकवा. तिनाच्या पुढे थांबलात तर गळ घशात जातो आणि सोडायचा मासाही मरतो. आणि बोया जागच्या जागी ठेवू नका. दर पंधरा-वीस सेकंदांनी फूटभर ओढा आणि थांबा. बहुतेक चावे त्या थांबण्यात पडतात.

भरतीची_वेळ:
सामान सुधारलं तरी चुकीच्या वेळी गेलात तर पाणी रिकामंच.

उत्तर किनाऱ्यावर, म्हणजे बेटाच्या उत्तरेकडच्या लाँग आयलंड साउंड या सामुद्रधुनीच्या पश्चिम भागात, भरती-ओहोटीतला फरक ७ फुटांच्या आसपास असतो. ओहोटी संपताना अनेक बंदरांत धक्क्याखाली चिखल उघडा पडतो. पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचा एक तास धरा. पाणी चढतं तशा स्पिअरिंग गवताच्या कडेला आणि खांबांमध्ये शिरतात, मागोमाग स्नॅपर. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे या शनिवारची सोयीची वेळ पुढच्या शनिवारी चालत नाही.

दक्षिण किनाऱ्याचं गणित वेगळं. ग्रेट साउथ बेच्या आतल्या भागात फरक फूट-दीड फुटाचाच, आणि तिथली भरती समुद्राच्या भरतीनंतर काही तासांनी येते. खाडीच्या मुखाजवळचं भरतीचं कोष्टक बघून आतल्या धक्क्यावर गेलात तर वेळ सपशेल चुकते. तिथे पाण्याच्या उंचीपेक्षा वाहता प्रवाह महत्त्वाचा. कॅप्ट्रीच्या धक्क्यांवर किंवा जोन्स बीचच्या फील्ड १० ला प्रवाह खांबांना वळसा घालतो. वेगवान आणि संथ पाण्याची जी रेघ दिसते, तिच्या संथ बाजूला बोया सोडा. पाणी अगदी थांबलं की चावेही थांबतात.

ओहोटीलाच जायचं असेल तर खाजणातून ओढा जिथे बंदरात उतरतो ते तोंड गाठा. उतरतं पाणी बारीक मासे बाहेर आणतं, स्नॅपर तिथे रांग लावून असतात.

पाण्यावर चांदीच्या शिंतोड्यासारख्या उड्या दिसल्या, वर टर्न पक्षी सूर मारत असतील, तर तिथेच टाका. घोळका वीस मिनिटांत हलतो. मासे गेले की जागेवर बसून राहू नका, धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला जा. जोराच्या पावसानंतर गढूळ, तपकिरी पाणी असेल तर त्या दिवशी राहू द्या. हे मासे डोळ्यांनी शिकार करतात.

हंगामाचं म्हणाल तर जुलैत ते ३-४ इंचांचे, गळाने धरण्याच्या लायकीचे नाहीत. ऑगस्टअखेर ६-७, सप्टेंबरच्या मध्याला ८-९ इंच. ऑक्टोबरात पाणी गार झालं की दक्षिणेकडे निघतात. खरी मजा कामगार दिनाच्या (अमेरिकेत सप्टेंबरचा पहिला सोमवार) सुट्टीनंतर: मासा मोठा, धक्क्यावर गर्दी कमी.

पत्र्याचा_चमचा:
बोयाचा सल्ला लहान मुलासाठी बरोबर. पण ११ वर्षांच्या मुलाच्या हातात बोया देणं मला वाया घालवणं वाटतं. त्याला धातूचं आमिष द्या. कास्टमास्टर किंवा डेडली डिक, पाव औंसाचं. वारा नसेल तर अष्टमांश औंसही चालतं. आमिष संपत नाही, हाताला वास नाही आणि वीस यार्ड लांबचा घोळका आवाक्यात येतो. काठी मात्र हलकी हवी. मध्यम काठीवर अष्टमांश औंस जेमतेम समोर पडतो.

पहिलं काम: तीन तोंडी गळ काढून ४ किंवा ६ नंबरचा एकेरी गळ लावा आणि त्याच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. फडफडणारा मासा, तीन टोकं आणि लहान बोटं एकत्र नकोत. दुसरा फायदा म्हणजे ऑगस्टअखेर पाण्यात समुद्री गवत आणि सी लेट्यूस तरंगत असतं. तीन तोंडी गळ दर फेकीला भाजी घेऊन येतो.

फेकल्यावर बुडू देऊ नका. लगेच, काठी खाली धरून, भराभर गुंडाळा. मासा मागे येतोय पण धरत नाही असं दिसलं की बहुतेक लोक हात सैल करतात. इथे उलट करायचं, वेग वाढवायचा. निसटू पाहणारी शिकार ब्लूफिशला सोडवत नाही. दोन फेकी रिकाम्या गेल्या तर तीन अंक मोजेपर्यंत बुडू द्या आणि मग ओढा. काटा दाबलेला असल्याने तंगूस ढिला पडला की मासा सुटतो. पाण्याबाहेर येईपर्यंत गुंडाळणं थांबवू नये.

मधला मार्ग म्हणजे पॉपर मांडणी: वजनदार लाकडी बोया आणि त्यामागे १२ ते १८ इंचांवर बारीक नळीचं किंवा पिसांचं आमिष. झटक्याझटक्याने ओढला की बोया ‘ब्लुप’ करतो, मासा आवाजावर येतो आणि मागचं आमिष धरतो. लांबी १८ इंचांपेक्षा वाढवू नका, फेकताना गुंता होतो.

बर्फपेटी:
नियमाचं कुणी बोललं नाही, म्हणून. बादलीभर स्नॅपर नेण्याचे दिवस गेले. साठा घटल्यामुळे २०२० मध्ये फेडरल मर्यादा माणशी दिवसाला १५ वरून ३ वर आली, धक्क्यावरून गरवणाऱ्यांनाही तीच लागू झाली. मोठा ब्लूफिश आणि स्नॅपर एकाच मोजणीत येतात. फ्लूकसाठी (एक चपटा मासा) आमिष म्हणून कापलेला स्नॅपरही त्यातच. या आकड्याचा वेळोवेळी फेरविचार होतो, तेव्हा निघण्याआधी न्यू यॉर्कच्या पर्यावरण खात्याच्या, म्हणजे डीईसीच्या, संकेतस्थळावर चालू वर्षाचा नियम बघा. १६ आणि त्यापुढच्या वयाला खाऱ्या पाण्यातल्या मासेमारीची नोंदणी लागते. न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीत ती मोफत आहे, कनेक्टिकटमध्ये पैसे भरून परवाना काढावा लागतो. तुमच्या मुलांना नोंदणी लागत नाही, पण माशांची मर्यादा त्यांनाही आहे.

म्हणून एकेरी, दाबलेल्या काट्याचा गळ सगळ्यांनीच लावावा. दिवसभरातले बहुतेक मासे परतच जाणार आहेत. सोडायचा मासा ओल्या हाताने धरा, तापलेल्या फळ्यांवर टाकू नका. पकड कल्ल्यांच्या मागे. तोंडाजवळ बोट नेऊच नका, बर्फपेटीत टाकलेला मासाही चावतो.

ठेवायचा तो लगेच मारा. कल्ला कापून दोन मिनिटं समुद्राच्या पाण्याच्या बादलीत रक्त जाऊ द्या, मग बर्फ आणि समुद्राचं पाणी यांच्या काल्यात, दोन भाग बर्फ, एक भाग पाणी. नुसत्या बर्फाच्या खड्यांवर ठेवला तर वरची बाजू गरमच राहते. ब्लूफिश तेलकट, झपाट्याने उतरणारा मासा. उन्हात राहिला तर मांसात हिस्टामीन हे विषबाधा करणारं द्रव्य तयार होतं आणि ते शिजवून जात नाही.

घरी सुरीच्या पाठीने खवले काढा, पोट साफ करा, कण्याला चिकटलेली काळी रक्ताची रेघ अंगठ्याच्या नखाने खरवडून धुवा. कडवटपणा तिथूनच येतो. दोन्ही बाजूंना तीन-तीन चिरा, मीठ, मक्याच्या पिठात घोळवून मध्यम आचेवर बाजूला तीन मिनिटं. त्याच दिवशी खा, गोठवून चव राहत नाही. मोठ्या ब्लूफिशच्या चरबीत पीसीबी ही विषारी औद्योगिक रसायनं साठतात, पिल्लांत त्या मानाने कमी. तरी लहान मुलांसाठी राज्य आरोग्य खात्याचा माशांबद्दलचा सल्ला वाचून ठेवा.

ओहोटीकाठ:
सगळ्यांचे आभार. लहान मुलाला बोया, मोठ्याला पाव औंसाचा पत्रा, असं ठरवतो. एकच शंका: रीळ न वापरता लहान्याला साधी बांबूची काठी दिली तर?

गळ_आणि_गाठ:
उत्तम चालेल, धक्क्यावर ती जुनी रीतच आहे. १० फुटी काठी आणि टोकाला काठीपेक्षा फूटभर आखूड तंगूस. काठीएवढाच लांब ठेवला तर उचललेला मासा थेट मुलाच्या तोंडावर येतो. तंगूस नुसता टोकाला बांधू नका. टोकापासून दोन फूट खाली एक गाठ, तिथून गुंडाळत टोकाला दुसरी. मग टोक मोडलं तरी मासा हातातून जात नाही. आणि धक्क्याचा कठडा उंच असेल, किंवा ओहोटीला पाणी ६-७ फूट खाली जात असेल, तर ही काठी पाण्यापर्यंत पोचणारच नाही; भरतीच्या वरच्या टप्प्यातच वापरा.