तारामुंबरीच्या मामासाठी वाऱ्या-लाटांचा अंदाज: काय घ्यावं? (बजेट तीन हजार)

मीठभाकर
मामा तारामुंबरीत (देवगड) असतो. फायबरची छोटी होडी, आउटबोर्ड इंजिन, सोबत एक खलाशी. फार लांब जात नाही. संध्याकाळी जाळं टाकायचं, पहाटे ओढायचं. पावसाळ्यातली मासेमारीबंदी ३१ जुलैला संपली तरी नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय तो होडी काढत नाही. आता काढलीय, आणि मामी मला पुण्यात फोन करून विचारते, "काय रे, वारो काय म्हणता तुझ्या मोबाईलात?" मी पावसाचं चित्र बघून काहीतरी ठोकून देतो. खाडीच्या तोंडापासून आठ-दहा किलोमीटरपर्यंतचा वारा आणि लाटा आदल्या दिवशी कळतील असं काय घेऊ? ॲप, यंत्र, काहीही चालेल. तीन हजारांच्या वर नको. मामाला मराठी वाचता येतं, इंग्रजी नाही.

कोलंबी_फ्राय
डोळे मिटून व्हीएचएफ सेट (बोटीवरचा रेडिओ) घ्या. हातात धरायचा बारा-पंधरा हजारांत मिळतो. चॅनल १६ वर सगळ्या बोटी असतात. चुलतभावाच्या ट्रॉलरवर आहे, एक नंबर.

मीठभाकर
बजेट तीन हजार लिहिलंय हो.

कोलंबी_फ्राय
जिवापेक्षा पैसा मोठा का?

गच्ची_वेधशाळा
माझ्याकडे ठाण्यात स्वतःचं हवामान केंद्र आहे. वारा, पाऊस, आर्द्रता, दाब, सगळं फोनवर. मामांच्या छपरावर बसवा. वाय-फाय मात्र लागेल. माझे आकडे सोसायटीत सगळे विचारायला येतात.

सुकटबोंबील
छपरावरचा वारा माडांनी अडवलेला. त्यावरून दर्यातला कसा कळणार? आणि वाय-फाय म्हणे.

आडवारा
यंत्र राहू दे. आधी काय बघायचं ते ठरवा. टीव्हीवर जो यलो-ऑरेंज अलर्ट सांगतात, तो जमिनीवरच्या पावसाचा, जिल्ह्यासाठी. सिंधुदुर्गाला ग्रीन असतानाही दर्या खवळलेला असू शकतो. मच्छीमारांसाठी हवामान खात्याचा इशारा वेगळा निघतो. "ताशी ४५ ते ५५ किमी, झोत ६५ पर्यंत" असं त्यात लिहिलं असेल (झोत म्हणजे मध्येच येणारा जोराचा वारा) तर विषय संपला, होडी वर.

दुसरं, हैदराबादचं इन्कॉइस. समुद्राच्या स्थितीचा अंदाज तेच देतात: लाटेची उंची, वारा, प्रवाह. 'समुद्रा' नावाचं त्यांचं ॲप फुकट आहे. तिथे दीड मीटर दिसलं म्हणजे सगळ्या लाटा दीड मीटरच्या असं नाही. ती सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी जवळजवळ दुप्पट येऊ शकते, आणि होडी उलटायला ती एखादीच लागते.

विंडी हे वाऱ्याचं ॲप बघत असाल तर एकक तपासा. तिथे नॉट असतील तर २५ म्हणजे ताशी ४६ किमी. शिवाय नुसता वारा नको, झोतांचा आकडा बघा. त्यातली युरोपियन आणि अमेरिकन अंदाजाची मॉडेल एकमेकांशी भांडत असतील तर जास्त वाईट सांगणाऱ्याचं ऐका.

कोलंबी_फ्राय
विंडी मीच आधी सांगणार होतो.

पन्हळ
ऑरेंज अलर्ट म्हणे. आमच्याकडे परवा शाळेला सुट्टी दिली आणि दिवसभर ऊन! पोरांनी गच्चीत क्रिकेट खेळलं.

सुकटबोंबील
आमच्याकडे उलट झालं. सुट्टी नाही आणि पोरं गुडघाभर पाण्यातून घरी.

रापणकार
मेल्यानु, होडी हाकतलो मामा आणि मोबाईल बघतलो पुण्याचो भाचो! आमी बंदरातलो वादळाच्या इशाऱ्याचो बावटो बघूचो. एक नंबर लागलो म्हणजे लांब दर्यात कायतरी शिजता. तीन नंबर लागलो काय होडयो वर. पावसाळो सरलो म्हणजे वादळा सरली असा समजा नको. फयान ११ नोव्हेंबर २००९ क इला. ओखी डिसेंबरात, २०१७ क. तेव्हा केरळ-तामिळनाडूच्यो बोटी आमच्या देवगड बंदरात आसऱ्याक इल्ल्यो. त्येंका ॲप नाय होती काय?

गच्ची_वेधशाळा
काका, घरातून बावटा दिसतो का?

रापणकार
दिसाक नाय तर विचारूक तोंड आसा.

हापूस_विक्रेता
आमच्या सासऱ्यांनी भिंतीवरचा वायुदाबमापक घेतला होता. रोज दुपारी चारला काटा खाली आला की सासूबाईंना सांगायचे, वादळ येतंय, कपडे आत घ्या. मग कोणीतरी सांगितलं की आपल्याकडे दाब रोजच सकाळी दहाला चढतो आणि दुपारी चारला तीन-चार मिलीबार उतरतो. बघायचंच तर कालच्या चारशी आजचा चार ताडून बघा. तोवर ते यंत्र माळ्यावर गेलं होतं. हवं असेल तर फुकट देतो, देवगडला पोचवायचं तुम्ही बघा.

ताशी_तीन
वाऱ्यापेक्षा खाडीचं तोंड बघा. ओहोटीचं पाणी बाहेर पडतं, समोरून लाट येते, खाली वाळू साठलेली, की लाट तिथेच फुटते. बाहेर दर्या शांत आणि दारात मार. भरतीची वेळ काढायला ॲप लागत नाही. तिथीची पाऊणपट करा: षष्ठीला साडेचार वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्या सुमारास भरती पुरी, मग सहा तासांनी सुकती, म्हणजे पुरी ओहोटी. मिनिटं हवीत तर भरती-ओहोटीचं कोष्टक बघा. पहाटे जाळं ओढून परत येताना भरती मिळते का, एवढं आधी बघायचं.

सुकटबोंबील
+१. आणि वारा नसतानाही लाट येते. खूप दक्षिणेकडे वादळ होतं, लाट हजारो किलोमीटर चालत आपल्या किनाऱ्याला लागते. इन्कॉइस 'उंच लाटां'चा इशारा देतं तो यासाठी.

आडवारा
+१. दोन लाटांमधलं अंतर पंधरा सेकंदांच्या वर दिसलं तर लांबून आलेली समजा. उंची कमी दिसली तरी वाळूवर ती जोरात उभी राहते.

पन्हळ
हे सगळं ठीक, पण मासा उरलाय कुठे? पर्ससीनवाल्यांनी तळ खरवडला.

कोलंबी_फ्राय
पर्ससीन तळ खरवडत नाही, ट्रॉल खरवडतो. माहिती नसेल तर बोलू नये.

पन्हळ
तुमच्या चुलतभावाचा ट्रॉलरच ना?

(संपादक: या भांडणासाठी वेगळा धागा आहे. इथे हवामान.)

मीठभाकर
धन्यवाद मंडळी. हातात धरायचा वारामापक घ्यावा का? ऑनलाइन दोन हजारांत दिसतोय.

आडवारा
नको. तुम्ही उभे आहात तिथला आत्ताचा वारा सांगतो. उद्याचा नाही.

ताशी_तीन
नको. आत्ताचा वारा मामांना कानाला कळतो.

रापणकार
कित्याक?

गच्ची_वेधशाळा
छपरावरचं केंद्र घेतलंत तर वारामापक त्यातच येतो.

खेकडाचोर
उशिरा आलो. बाकी सोडा, मामांच्या होडीला ट्रान्सपाँडर मिळालाय का? केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेतून इंजिनच्या होड्यांना फुकट देतात. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झालं. इस्रोच्या उपग्रहावर चालतो. रेंज नसलेल्या ठिकाणी हवामानाचा इशारा मराठीत फोनवर येतो आणि अडचणीत आपल्याकडून संदेशही पाठवता येतो. मत्स्यव्यवसाय कार्यालयात होडीच्या नोंदणीचा कागद घेऊन जा. तटरक्षक दलाचा १५५४ खलाशाच्याही फोनमध्ये असू दे.

कोलंबी_फ्राय
ट्रान्सपाँडर चुलतभावाकडे पण आहे. तरी व्हीएचएफ घ्याच.

सुकटबोंबील
व्हीएचएफला परवाना लागतो, ते सांगा की आधी.

मीठभाकर
अपडेट. ट्रान्सपाँडरचं मामाला विचारलं. म्हणाला, "अर्ज केलो आसा, येतलो तेव्हा येतलो." इन्कॉइसचा अंदाज मी संध्याकाळी बघून मामीला आवाजी संदेश पाठवतो: लाट किती, झोत किती, भरती कधी. ती तो स्पीकरवर लावते, अख्खी आळी ऐकते.

आणि वारामापक मागवला. तुम्ही सगळ्यांनी नको म्हटलंत ते मामाला वाचून दाखवलं होतं. त्यावर तो म्हणाला, "त्येंका नको तर त्येंनी घेव नये." होडीवर उभा राहून आकडे वाचतो आणि खलाशाला म्हणतो, बघ, मी सांगितलेलं तेवढंच.

रापणकार
खंयसून घेतलास? माका लिंक दी.