सल्ला हवा: तुर्की बोलण्यातील आश्चर्याचे आणि हळहळीचे उद्गार

पदव्युत्तर शिक्षणासाठी मी इझमीरला जात असून तेथे एका वयस्कर तुर्की बाईंच्या घरी राहणार आहे. व्याकरणाचा पाया पक्का झाला आहे. परंतु समोरच्याने काही धक्कादायक किंवा वाईट सांगितले की पटकन तोंडून जे निघायला हवे, ते मला सुचत नाही. घरात निःसंकोच वापरता येतील असे उद्गार कोणते, आणि कोणते टाळावेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

सुरुवात ‘अल्ला अल्ला’पासून करावी. धार्मिक असो वा नसो, तेथे प्रत्येकाच्या तोंडी हा उद्गार असतो. मात्र त्याचा अर्थ बहुतांशी सुरावर ठरतो. सावकाश आणि काहीशा विचारात पडल्यासारखा म्हटला तर ‘हे कसे काय बुवा?’ असा, आणि तोडून म्हटला तर वैताग. विश्वासच बसू नये अशा गोष्टीला ‘योक आर्तक’ म्हणतात. भाजीचे भाव ऐकल्यावर तुम्हाला तो सर्रास ऐकू येईल.

हळहळीच्या बाबतीत नुकसान कोणाचे आणि केवढे, हे आधी पाहावे. इस्तंबूलच्या कादिकोय धक्क्यावर फाटक डोळ्यांदेखत बंद होऊन वापूर, म्हणजे प्रवासी बोट, सुटली की माणसे ‘त्यूह’ म्हणतात (ओठांचा चंबू करून ‘ई’ म्हणावे, म्हणजे तो स्वर साधतो) आणि पुढच्या बोटीची वाट पाहतात. किल्ली आत राहून दार लागले, काहीतरी निस्तरावे लागणार हे एकदम ध्यानात आले, तर ‘एय्वाह’. दुसऱ्याची लहानसहान अडचण ऐकताना ‘हाय अल्ला’ सौम्य आणि आपुलकीचा वाटतो, म्हणून घरमालकीणबाईंसमोर मी तोच सुचवेन. ‘वाह वाह’ मात्र जपून वापरावा, कारण आपल्याकडे ती दाद असली तरी तेथे तो कीव करण्याचा उद्गार आहे.

प्रतिसाद २

वरील सल्ल्याशी सहमत आहे. आणखी एक गोष्ट सांगणे मला फार गरजेचे वाटते, कारण ती पुस्तकांत सहसा येत नाही. कोणाचे दुःख ऐकताना आपण नकळत जिभेने ‘च्च’ असा आवाज करतो. तुर्कस्तानात भुवया उंचावून किंवा मान किंचित मागे नेऊन केलेला असा एकच आवाज म्हणजे सरळ ‘नाही’, आणि तोच लागोपाठ केला तर नापसंती. त्यामुळे सहानुभूतीसाठी तो न केलेला बरा.

‘ओहा’ आणि ‘च्यूश’ हे तरुण मुलांच्या बोलण्यात आश्चर्य दाखवण्यासाठी भरपूर येतात. पहिला मुळात बैलांना आणि दुसरा गाढवांना थांबवण्याचा पुकारा आहे, त्यामुळे वडीलधाऱ्यांसमोर ते असभ्य ठरतात. मित्रमंडळींत ऐकावेत, घरी उच्चारू नयेत.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आजारपणाची किंवा मृत्यूची बातमी कळली तर यांपैकी काय म्हणावे?

प्रतिसाद १

अशा वेळी नुसता उद्गार अपुरा पडतो. आजारपण, अपघात, चोरी यांपैकी काहीही असो, ‘गेच्मिश ओल्सून’, म्हणजे ‘हे सरून जावो’, असे म्हणतात. ३० ऑक्टोबर २०२० रोजी इझमीरला भूकंपाचा तडाखा बसला, तेव्हा देशभरातून त्या शहराला हेच शब्द पाठवले गेले. मृत्यूच्या प्रसंगी ‘बाशनझ साऽ ओल्सून’ म्हणावे. तेथे दुसरे काही जोडण्याची अपेक्षा नसते.

सरावासाठी तुर्की मालिका तुर्की उपशीर्षकांसह पाहाव्यात. तेथील एकेक भाग दोन तासांहूनही मोठा असतो आणि स्वयंपाकघरातील प्रसंगांत हे उद्गार सतत येतात. शंका आल्यास १९३२ साली स्थापन झालेल्या तुर्की भाषा संस्थेचा कोश महाजालावर विनामूल्य पाहता येतो. त्यात अशा शब्दांपुढे ‘युन्लेम’, म्हणजे उद्गारवाचक, अशी खूण असते.