बेससाठी पेडल घेताना खालचा सूर आधी तपासावा

गिटारसाठीचेच मल्टिइफेक्ट्स पेडल, म्हणजे आवाजाचे अनेक इफेक्ट देणारे, पायाने चालवायचे यंत्र, बेस गिटारला चालेल का, असे आपण विचारले आहे. चालते, पण मी ते घेणार नाही. बेसच्या मोकळ्या ई तारेचा सूर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो आणि गिटारच्या सर्वांत खालच्या तारेचा सुमारे ८२ हर्ट्झचा. त्यामुळे गिटारसाठी बेतलेले डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणारा इफेक्ट, लावले की वरची खरखर तेवढी वाढते आणि ज्या भरीव आवाजासाठी बेस वाजवायचा, तोच निघून जातो. म्हणून डिस्टॉर्शनमध्ये मूळ स्वच्छ आवाज किती मिसळता येतो, हे सर्वांत आधी पाहावे. इफेक्ट किती आहेत, हे मी मोजतही नाही. आवाजाचे चढउतार सारखे करणारा चांगला कंप्रेसर आणि तारा सुरात लावायचा ट्यूनर मात्र रोज लागतात.

आपल्याकडे गणपतीत किंवा जत्रेत वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, तेव्हा झूम बी१ फोर आणि बॉस जीटी-१बी ही बेससाठीची दोन्ही पेडल ४ एए सेलवरही चालतात, हा मोठाच आधार आहे. मात्र दोन्हींना एक्सएलआर आउटपुट (मिक्सरला थेट जोडायची तीन पिनांची जोडणी) नाही, त्यामुळे मिक्सर लांब असल्यास डीआय बॉक्सचा, म्हणजे लांब तारेतूनही आवाज स्वच्छ पोहोचवणाऱ्या पेटीचा, खर्च वेगळा धरावा.

रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत माझ्या जुन्या पेडलचा इनपुट जॅक आतून हिरवट पडला आणि प्लग जरा हलला तरी आवाज तुटू लागला. तेव्हापासून पेडल घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो.